वाचले खरे, पण समजले का?

संध्याकाळी वस्तीतून चालताना घराघरांतून मुलांच्या मोठ्याने वाचण्याचा आवाज येतो. आईबापांचा ऊर भरून येतो आणि तो भरून यावाच. परंतु पालकहो, मूल घडाघडा वाचते म्हणजे त्याला समजते, असे नाही.

हे वाक्य वाचा : ‘टोंबकीने काल बाजारात तीन लुमडे विकले.’ टोंबकी कोण, लुमडे म्हणजे काय? असे शब्दच नाहीत. तरी प्रश्न विचारून पाहा. लुमडे कोणी विकले? टोंबकीने. किती? तीन. कुठे? बाजारात. सगळी उत्तरे बरोबर, आणि समजले काहीच नाही! धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरे अनेक मुले अशीच लिहितात. प्रश्नातला शब्द धड्यात शोधायचा आणि ती ओळ उतरवायची. वहीत बरोबरची खूण पडते, आपणही निश्चिंत होतो.

मग गणितात गाडी अडते. ‘रमाकडे १५ गोट्या आहेत. त्या सुमेधच्या गोट्यांपेक्षा ५ जास्त आहेत. तर सुमेधकडे किती?’ ‘जास्त’ शब्द दिसला की मूल बेरीज करून २० लिहिते. उत्तर आहे १०. बेरीज-वजाबाकी त्याला येते. वाक्य समजले नाही.

ग्रामीण भारतातील मुलांच्या २०२४ च्या ‘असर’ पाहणीत पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर नीट वाचता आला नाही. हा झाला नुसत्या वाचनाचा हिशेब. वाचता येणाऱ्यांपैकी किती जणांना समजते, हा प्रश्न त्याच्याही पुढचा आहे.

आम्ही कचेरीत अर्ज तपासतो. अर्जावर स्पष्ट छापलेले असते की उत्पन्नाचा दाखला जोडल्याशिवाय अर्ज विचारात घेतला जाणार नाही. कॉलेजात शिकणाऱ्या मुलाने ते वाचलेले असते, पण दाखला जोडलेला नसतो. मुदत निघून जाते आणि हक्काची सवलत हातची जाते. न समजता वाचण्याची किंमत गरिबाच्या लेकराला अशी मोजावी लागते.

‘आम्हीच चौथी शिकलो, आम्ही काय शिकवणार?’ असे अनेक माता म्हणतात. त्यांना आमचे सांगणे एवढेच : शिकवू नका, विचारा. विचारायला डिग्री लागत नाही.

१) धडा वाचून झाला की पुस्तक मिटायला लावा. ‘काय वाचलंस, तुझ्या शब्दांत सांग,’ म्हणा. भाजी निवडता निवडता ऐका. सांगताना मूल जिथे अडखळेल, तिथे त्याला समजलेले नाही. तेवढाच भाग पुन्हा वाचायला सांगा.

२) ‘असं का झालं?’ आणि ‘हे कशावरून म्हणतोस?’ हे दोन प्रश्न रोज विचारा. ज्या ओळीवरून ते कळले, तिच्यावर बोट ठेवायला सांगा.

३) अवघड शब्द आला तर आधी मागचे-पुढचे वाक्य वाचून अंदाज करू द्या. मग शब्दकोश किंवा गुरुजी आहेतच.

४) विजेचे बिल, एस.टी.चे वेळापत्रक, रेशनचा कागद मुलाकडून वाचून घ्या. ‘बिल कधीपर्यंत भरायचं?’ असे विचारा. उत्तर चुकले तर रागावू नका. पुन्हा वाचायला लावा.

यासाठी टी.व्ही. आणि मोबाईल बंद ठेवून रोज पंधरा मिनिटे पुरेत.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत बालपणीची आठवण सांगितली आहे. वडील रामजी सुभेदार मुलांना रामायण-महाभारत वाचायला लावीत. लहानगा भीम ते नुसता वाचीत नसे. हे आम्ही का वाचायचे, असे थेट वडिलांनाच विचारी. वाचलेले समजू लागले की मूल असे प्रश्न विचारते.

आपल्या लेकरानेही उद्या असा प्रश्न केला, तर ‘गप्प बस, अभ्यास कर’ म्हणू नका. तो प्रश्न हाच अभ्यास आहे.