दुसऱ्यांदा दुर्बीण तपासणी कशासाठी?

एकाच रुग्णाच्या आतड्याची तीन महिन्यांत दोन वेळा दुर्बीण तपासणी का, असा प्रश्न विरार-नालासोपाऱ्याकडील नातेवाईक बिल हाती घेऊन कार्यालयात विचारतात. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर. तथापि डॉक्टरांकडून जे समजून घेतले ते हितचिंतकांसमोर मांडणे उचित वाटते.

आतड्याचे अस्तर पेशींच्या एकाच थराचे असते. एका बाजूस अन्न व अब्जावधी जिवाणू, दुसऱ्या बाजूस शरीरातील रोगप्रतिकारक पेशींचा सर्वांत मोठा साठा. प्रत्येक घासावर या पेशी तुटून पडल्या असत्या, तर आतडे सदैव सुजलेले राहिले असते. तसे होत नाही, याचे बरेचसे श्रेय नियामक टी-पेशींना जाते. इंटरल्यूकिन-10 सारखी द्रव्ये स्रवून त्या इतर पेशींना आवर घालतात. जपानचे शिमोन साकागुची यांनी 1995 मध्ये त्यांची ओळख पटविली. 2025 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मेरी ब्रंकॉव व फ्रेड रॅम्सडेल यांच्यासमवेत मिळाले.

हा आवर सुटला की क्रोन्ससारखा आजार जडतो: पोटदुखी, जुलाब, ताप, वजन घटणे. परंतु आतड्याच्या क्षयातही हीच लक्षणे दिसतात. दोहोंत बहुधा लहान आतड्याचा शेवटचा भाग बिघडतो, दोहोंत भक्षक पेशी एकत्र येऊन सूक्ष्म गाठी बनतात. क्षयात मात्र ती गाठ म्हणजे जंतूंना कोंडणारे कुंपण होय. क्रोन्सचा दाह शमविणारे स्टिरॉइड क्षयाच्या औषधांविना क्षयरुग्णास दिले, तर रोग पसरण्याची भीती असते. गाठ टिकविणारे टीएनएफ हे प्रथिन रोखणारे इन्फ्लिक्सिमॅब अमेरिकेत 1998 मध्ये क्रोन्ससाठी मान्य झाले. ते घेतल्यानंतर क्षय झालेल्या 70 रुग्णांचा अहवाल 2001 मध्ये प्रसिद्ध झाला.

आतड्याचा तुकडा तपासूनही जंतू दर वेळी सापडत नाहीत. अशा वेळी डॉक्टर प्रथम क्षयाची औषधे सुरू करतात आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीतून पाहतात. व्रण भरले असतील तर किमान सहा महिन्यांचा क्षयोपचार पूर्ण करावयाचा. तसेच असतील तर क्रोन्सचा विचार. क्रोन्सच्या काही रुग्णांनाही या औषधांनी तात्पुरता आराम पडतो, म्हणून केवळ ‘आता बरे वाटते’ एवढ्यावर विसंबता येत नाही.

क्षयाची औषधे शासकीय कार्यक्रमातून विनामूल्य मिळतात. दुर्बीण तपासणीचा खर्च निर्धन रुग्ण निधीतून भागवावयाचा असल्यास, पहिल्या तपासणीच्या वेळीच रेशनकार्ड किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला कार्यालयात दाखवावा, म्हणजे दुसरीची तरतूद वेळेत करता येते.