खडकाचा ठिसूळपणा ऊर्जेच्या हिशेबात

खडक किती दाब सोसू शकतो, हे प्रयोगशाळेत सहज मोजता येते. परंतु सोसण्याची मर्यादा संपल्यावर तो हळूहळू भेगाळत खचेल की तुकडे उधळत फुटेल, हे त्या आकड्यावरून कळत नाही. कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणी २००१ मध्ये बंद होईपर्यंत तीन किलोमीटरहून अधिक खोल गेल्या होत्या आणि तेथे भिंतीतील खडक अकस्मात फुटून आत फेकला जाण्याच्या, म्हणजे शिलास्फोटाच्या, घटना वारंवार घडत. अशा ठिकाणी खडकाच्या बळाइतकाच त्याचा ठिसूळपणा महत्त्वाचा ठरतो, आणि तो मोजण्याचा सर्वांत सयुक्तिक मार्ग म्हणजे भंगाच्या वेळी होणारी ऊर्जेची देवघेव तपासणे.

दाबाखाली खडक किंचित आखडतो आणि या आकुंचनात स्थितिस्थापक ऊर्जा साठते. एकक क्षेत्रफळावरील बल म्हणजे प्रतिबल, आणि मूळ लांबीच्या तुलनेत झालेला बदल म्हणजे विकृती. या दोहोंच्या आलेखाखालील क्षेत्रफळ एक घनमीटर खडकावर खर्च झालेली ऊर्जा दाखवते. १५० मेगापास्कल दाब सोसणाऱ्या आणि ५० गिगापास्कल स्थितिस्थापकता गुणांक असलेल्या खडकाच्या एका घनमीटरात कमाल दाबाच्या क्षणी सुमारे २२५ किलोज्यूल ऊर्जा असते, जी एक टन वजन जवळजवळ २३ मीटर उचलण्यास पुरेल. ही ऊर्जा पुढे कोठे जाते, यावरच भंगाचे स्वरूप ठरते.

भेग वाढण्यासाठी नवे पृष्ठभाग निर्माण व्हावे लागतात आणि त्यांची किंमत साठलेल्या ऊर्जेतून चुकती होते, हे तत्त्व ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२१ मध्ये काचेवरील संशोधनातून मांडले. खडकाच्या बाबतीत मात्र हा हिशेब मांडणे दीर्घकाळ अवघड होते, कारण दाब देणारे यंत्रही स्प्रिंगप्रमाणे ऊर्जा साठवते, नमुना मोडू लागताच ती त्याच्यावर ओतते आणि त्यामुळे मुळात संथपणे मोडणारा खडकही स्फोटक वाटू शकतो. अधिक ताठ यंत्रे आणि नमुन्याच्या विकृतीनुसार दाब क्षणोक्षणी बदलणारी नियंत्रणप्रणाली उपलब्ध झाल्यावर कमाल दाबानंतरचा आलेख स्पष्ट मिळू लागला. १९७० मध्ये वावर्सिक आणि फेअरहर्स्ट यांनी त्यावरून खडकांचे दोन वर्ग सांगितले: पहिल्या वर्गातील खडक पूर्ण मोडण्यासाठी बाहेरून आणखी ऊर्जा द्यावी लागते, तर दुसऱ्या वर्गात साठलेली ऊर्जाच भंगाला पुरून उरते, आणि भंग आवरायचा तर यंत्राला मागे घ्यावे लागते.

याच भेदाला संख्येचे रूप देणारा निर्देशांक तारासोव्ह आणि पोतव्हँ यांनी २०१३ मध्ये मांडला. भंगात खर्च झालेली ऊर्जा भागिले त्याच टप्प्यात खडकातून मोकळी झालेली स्थितिस्थापक ऊर्जा, असे त्याचे स्वरूप आहे. हे गुणोत्तर एकाहून अधिक असेल तर खडक पहिल्या वर्गात मोडतो. ते एकाहून कमी असेल तर उरलेली ऊर्जा तुकड्यांची गती, ध्वनी व कंपने यांत बाहेर पडते, आणि गुणोत्तर शून्याकडे सरकत जाते तसा खडक अधिक ठिसूळ मानला जातो. केवळ दाबबळ आणि ताणबळ यांच्या गुणोत्तरावर आधारलेल्या जुन्या निर्देशांकांत मोडण्याच्या प्रक्रियेचा विचारच नसल्याने ते ही माहिती देऊ शकत नाहीत.

अर्थात एका नमुन्यावरून मिळालेला आकडा सर्वत्र लागू पडत नाही. फोन कारमान यांनी १९११ मध्येच दाखवले होते की, भोवतीचा दाब वाढवल्यास ठिसूळ संगमरवरही तुकडे न होता आकार बदलतो. म्हणून चाचणी खडक ज्या खोलीवर आहे तेथील दाबाखाली घेणे आवश्यक असते, आणि प्रत्यक्ष डोंगरातील सांधे व भ्रंश लहान नमुन्यात उतरत नाहीत, याचेही भान ठेवावे लागते. या मर्यादा सांभाळूनही ऊर्जेचा हिशेब अभियंत्याच्या हाती उपयुक्त निकष देतो: समान बळाच्या दोन खडकांपैकी ज्यात ऊर्जा उरते, तेथे केवळ भक्कम आधार पुरत नाही, तर स्वतः ताणले जाऊन ती ऊर्जा शोषणारे बोल्ट आणि जाळ्या बसवाव्या लागतात, आणि खोल भूगर्भात राबणाऱ्या माणसांची सुरक्षितता या निवडीवर अवलंबून असते.