विद्यांची एक पंगत

ज्ञानाच्या क्षेत्रातही सोवळेओवळे असते. प्राणिशास्त्रज्ञ अर्थशास्त्राच्या वाटेस जात नाही, अर्थशास्त्रज्ञ रसायनशाळेचा उंबरठा ओलांडीत नाही आणि पशुवैद्यास पक्षिनिरीक्षकाच्या टिपणवहीशी काही कर्तव्य नसते. इतर विषयांत हे एक वेळ चालून जाईल. पर्यावरणाच्या अभ्यासात मात्र ते फार महागात पडते. नदी, रान किंवा पक्षी यांना विद्यापीठातील विभागांच्या भिंती ठाऊक नसतात.

इंदूर-ग्वाल्हेर असो, बडोदे-हैदराबाद असो की बेळगाव-गोवा, आपल्या अनेक घरांतील मुले-मुली आज पर्यावरणाशी निगडित विषय निवडीत आहेत. शिक्षण पुरे होत आले की त्यांच्यापुढे एक प्रश्न उभा राहतो : निरनिराळ्या शास्त्रांच्या अभ्यासकांना एकत्र आणणाऱ्या एखाद्या संस्थेचे सभासद व्हावे काय? वर्गणी भरून हाती काय लागते? वडीलधाऱ्यांनाही हा खर्च कित्येकदा अनाठायी वाटतो. या प्रश्नाचे उत्तर आमच्या मते गिधाडांच्या कहाणीत आहे.

एके काळी गावाबाहेर ढोर पडले की काही वेळात गिधाडे उतरत आणि हाडे तेवढी मागे ठेवीत. १९९० नंतरच्या दशकात ती झपाट्याने दिसेनाशी झाली. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानातील ही घट विभू प्रकाश यांनी नोंदविली आणि १९९९ साली ती बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. पुढील पाहण्यांतून असे दिसले की, १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी दर हजारांमागे जेमतेम एक उरले होते.

कारण काय असावे? प्रथम संशय साथीच्या रोगावर गेला. पाकिस्तानात मेलेल्या गिधाडांची लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासणी केली, तेव्हा पक्ष्यांची मूत्रपिंडे निकामी झालेली आणि आतील अवयवांवर युरिक आम्लाचे पांढरे थर साचलेले आढळले. रोगजंतू सापडेनात, कीटकनाशकांचाही दोष दिसेना. तेव्हा या अभ्यासकांनी पशुवैद्यांकडे आणि औषधविक्रेत्यांकडे चौकशी केली : गुराढोरांना हल्ली कोणती औषधे दिली जातात? त्यातून डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक पुढे आले. औषध दिलेले जनावर मेले की ते त्याच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाई आणि थोड्याच दिवसांत पक्षी मरे. हा शोध २००४ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी गणिती पद्धतीने दाखविण्यात आले की, शंभरांतील एकाहूनही कमी मृत जनावरांत हे औषध असले तरी एवढा संहार घडण्यास तेवढे पुरेसे आहे.

गुरांसाठी या औषधाच्या वापरास भारताने २००६ साली बंदी केली. गिधाडांना बाधक न ठरणारे मेलॉक्सिकॅम हे पर्यायी औषधही त्याच सुमारास कसोटीस उतरले होते. मग अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला. गिधाडे गेल्यावर मेलेल्या जनावरांचे मांस भटक्या कुत्र्यांच्या वाट्यास आले. कुत्री वाढली आणि त्यांच्याबरोबर श्वानदंश व पिसाळरोग यांचा धोकाही वाढला. अनिल मार्कंडेय आणि सहकाऱ्यांनी २००८ साली याची किंमत माणसांच्या प्राणांत व पैशांत मोजली. पुढे २०२४ साली एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन यांनी दूषित पाण्यासह सर्व कारणांचा विचार करून अंदाज केला की, २००० ते २००५ या काळात या ऱ्हासामुळे भारतात सुमारे ५ लाख माणसे अधिक दगावली. एका पक्ष्याची अनुपस्थिती माणसाच्या घरापर्यंत कशी पोहोचते, याचा याहून बोलका पुरावा कोणता असणार?

आता ही साखळी पुन्हा पाहा. पक्षिनिरीक्षकाने घट पाहिली, विकृतिशास्त्रज्ञाने मूत्रपिंड तपासले, पशुवैद्याने औषधाचे नाव सांगितले, गणितज्ञाने प्रमाण काढले आणि अर्थशास्त्रज्ञाने मोल मांडले. यांपैकी एकानेही एकट्याने कोडे सोडविले नसते. अशी माणसे जितकी लवकर एकमेकांस भेटतील तितके प्राण वाचतील. ही भेट योगायोगावर न सोडता तिच्यासाठी कायमची जागा करून ठेवणे, हेच अशा संस्थांचे काम.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापिली. त्यांत प्रार्थना समाजाचे अध्वर्यू डॉ. आत्माराम पांडुरंग होते, तसेच वनस्पतींचे जाणकार वैद्य डॉ. सखाराम अर्जुनही होते. सातारा येथे जन्मलेले एडवर्ड एटकिन हे तर जकात खात्यातले अधिकारी. डॉक्टर, लष्करी अंमलदार व सरकारी नोकर एका टेबलाभोवती बसले आणि १८८६ पासून त्यांचे नियतकालिक निघू लागले. हैदराबादच्या वाचकांस हेही आठवावे की, त्या संस्थानातील पक्ष्यांची सलीम अलींनी केलेली पाहणी याच नियतकालिकातून प्रसिद्ध झाली.

पुढे इतर क्षेत्रांनीही ही वाट धरली. निसर्ग व अर्थकारण यांचा एकत्र विचार करणारी आंतरराष्ट्रीय संस्था १९८९ साली उभी राहिली. मार्कंडेय यांचा लेख तिच्याच 'इकॉलॉजिकल इकॉनॉमिक्स' या नियतकालिकात आला. भारतातही त्याच धर्तीची 'इंडियन सोसायटी फॉर इकॉलॉजिकल इकॉनॉमिक्स' ही संस्था असून २०१८ पासून तिचे स्वतःचे नियतकालिक निघत आहे. अमेरिकेत पर्यावरणाचे अध्यापक व अभ्यासक यांची आंतरविद्याशाखीय संघटना २००८ साली स्थापन झाली.

सभासदत्वाने तरुणास काय लाभते? नियतकालिक मिळते हा उघड लाभ. त्याहून मोठा लाभ असा की, अधिवेशनात आपला निबंध वाचताना समोर परक्या शास्त्राचा जाणकार बसलेला असतो. तो आपली परिभाषा मानीत नाही. साधे प्रश्न विचारतो आणि त्या प्रश्नांतच आपले कच्चे दुवे उघडे पडतात. शिवाय लहान गावातील महाविद्यालयात एकट्याने काम करणाऱ्यास आपल्यासारखे आणखी कोणी आहेत, हा धीर मिळतो. ज्येष्ठांचे मार्गदर्शन, पुढील कामाची वार्ता आणि सहकारी येथेच भेटतात.

एक सावधगिरी मात्र हवी. नावापुढे चार अक्षरे लागावीत म्हणून वर्गणी भरणे म्हणजे पंगतीचे निमंत्रण घेऊन घरीच बसणे होय. अधिवेशनास जावे, निबंध पाठवावा, दुसऱ्याचे लेखन तपासून द्यावे, निदान पत्र तरी लिहावे. अनेक संस्था विद्यार्थ्यांकडून कमी वर्गणी घेतात. प्रारंभ तेथूनच करावा आणि आपल्या कामास जवळची अशी एकच संस्था निवडावी.

आमची वडीलधाऱ्यांस विनंती एवढीच की, मुला-मुलींनी यासाठी पैसे मागितले तर ते शिक्षणाचाच खर्च समजून द्यावेत. पाठ्यपुस्तकाने आपला विषय कळतो. शेजारच्या पाटावरील माणसाशी बोलल्याने त्या विषयाचे जगाशी असलेले नाते कळते.