गावची स्मशानभूमी: जमीन कोणाची, जबाबदारी कोणाची?

गावात स्मशानभूमीचा विषय माणूस गेल्यावरच निघतो. शेडचे पत्रे उडालेत, ओटा खचलाय, वाटेवर गुडघाभर चिखल आहे, हे सगळं खांद्यावर तिरडी असताना दिसतं. दहाव्यापर्यंत चर्चा टिकते, तेराव्यानंतर विरते. नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यासारख्या कमी पावसाच्या तालुक्यातसुद्धा ऐन पावसात सरण पेटवायची वेळ येतेच. दुरवस्थेमागे पैशाची चणचण असते, पण त्याहून जास्त काही पक्के गैरसमज असतात.

पहिला गैरसमज: “जागा सरकारची, ग्रामपंचायत काय करणार?” जागा बहुतेक वेळा सरकारचीच असते, हे खरं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 22 नुसार जिल्हाधिकारी सरकारी जमीन दहन-दफनासाठी राखून ठेवू शकतात, आणि मग त्यांच्या मंजुरीशिवाय ती दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. पण जमिनीची मालकी वेगळी आणि देखभालीचं कर्तव्य वेगळं. ग्रामपंचायत अधिनियम, 1958 ला जोडलेल्या ग्रामसूचीत दहन-दफनभूमीची व्यवस्था ग्रामपंचायतीकडे दिलेली आहे. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत शहरांसाठी हा विषय स्पष्ट लिहिला आहे. गावांसाठीच्या अकराव्या अनुसूचीतल्या 29 विषयांत तो नाही. त्यामुळे गावाचा सगळा आधार या राज्य कायद्यावर आहे. येवला शहराचं पाहायचं तर तिथे नगरपरिषद जबाबदार, तिचा कायदा 1965 चा. अंदरसूल, नगरसूल, मुखेड, राजापूर यांसारख्या गावांत मात्र दार ठोठावायचं ते ग्रामपंचायतीचंच.

दुसरा गैरसमज सर्वांत महागात पडतो: “आजोबा-पणजोबांपासून इथंच दहन होतं, म्हणजे ती स्मशानभूमीच.” वहिवाट असते, नोंद असतेच असं नाही. अनेक गावांत ओढ्याकाठी, कुणाच्या तरी शेताच्या कडेला दहन होत आलेलं असतं. जुन्या पिढीने तोंडी दिलेली ती जागा सातबाऱ्यावर कधी चढलेलीच नसते. शेत विकलं गेलं, नवा मालक आला, की वाद उभा राहतो. नोंद असली तरी हद्द कायम नसेल तर शेजारचा नांगर दरवर्षी वीतभर आत येतो. कांद्याच्या पट्ट्यात वीतभर जमिनीलाही मोल असतं, म्हणून बांध कोरला जातो. काही वर्षांत तिरडी न्यायची वाट तेवढी उरते, कधी तीही नाही. म्हणून आधी सातबारा काढावा आणि ग्रामपंचायतीच्या जमिनींच्या नोंदवहीत ही जागा आहे का ते पाहावं. मग भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून खुणेचे दगड रोवून घ्यावेत. अतिक्रमण झालंच असेल तर ते काढण्याचा अधिकार ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 53 ने ग्रामपंचायतीला दिला आहे. सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण करणारा माणूस ग्रामपंचायत सदस्यत्वासाठी अपात्र ठरतो, ही तरतूदही त्याच कायद्यात आहे. गावात ती फारशी कुणाला ठाऊक नसते.

“निधीच येत नाही,” हे अर्धसत्य आहे. जिल्हा नियोजन समितीमार्फत जनसुविधांसाठी विशेष अनुदान मिळतं. त्यातून दहनशेड, ओटा, कुंपण, पोहोच रस्ता अशी कामं होतात. पण जागेचा कागद नसेल तर प्रस्ताव पंचायत समितीच्या टेबलावरच अडतो. म्हणजे गाठ पुन्हा नोंदीपाशीच येते.

आता एक गैरसमज असा, जो येवल्यात तरी राहता कामा नये: “हे आमच्या समाजाचं स्मशान, त्यांनी त्यांचं बघावं.” 13 ऑक्टोबर 1935 रोजी याच येवल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. ती जागा आज मुक्तिभूमी म्हणून ओळखली जाते. सार्वजनिक दहन-दफनभूमीत अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला अडवणं हा नागरी हक्क संरक्षण अधिनियम, 1955 नुसार गुन्हा आहे. 2015 च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना अशी अडवणूक करणं अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालीही येतं. धर्माच्या रीतीप्रमाणे दफनभूमी वेगळी असू शकते. पण ग्रामपंचायतीच्या पैशाने बांधलेल्या शेडखाली कोणाचं सरण रचायचं हे जातीवरून ठरवता येत नाही, आणि ठरवणाऱ्याला परंपरेचा आडोसाही घेता येत नाही.

शेवटचा: “वर विचारणारं कोणी नाही.” विचारणारे आहेत. ग्रामपंचायतीच्या हिशेबाची तपासणी स्थानिक निधी लेखापरीक्षा करते. कामावर पंचायत समितीचे गटविकास अधिकारी आणि नाशिक जिल्हा परिषद यांची देखरेख असते. ग्रामपंचायत कर्तव्यात कसूर करत असेल तर मुदत घालून देण्याची आणि तरीही काम न झाल्यास ते तिच्याच खर्चाने दुसऱ्याकडून करून घेण्याची सोय कायद्यात आहे. फक्त ही यंत्रणा आपणहून हलत नाही, तिला लेखी अर्ज लागतो आणि अर्जाच्या पाठीशी ग्रामसभेचा ठराव लागतो.

ग्रामसभेच्या गणपूर्तीला 100 मतदार किंवा एकूण मतदारांच्या 15 टक्के, यांतली कमी असेल ती संख्या पुरते. अंत्ययात्रेला गावात याहून जास्त माणसं जमतात. पुढच्या ग्रामसभेला तेवढीच या आणि स्मशानभूमीचा गट नंबर विचारा.