बोरीच्या पुढे बंद, गॅरेजात चालू

मे महिन्यातली दुपार. परभणीहून जिंतूरकडे निघालेली जुनी पेट्रोल गाडी झरी ओलांडते, बोरीच्या पुढे जाते आणि चालता चालता गप्प होते. ना झटका, ना धूर. माझ्या मित्राचे काका खाली उतरतात, बाभळीच्या सावलीत वीसेक मिनिटं टेकतात, परत सेल्फ मारतात आणि गाडी चालू! दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजात नेली, तर तासभर इंजिन सुरू ठेवूनही काही होत नाही. स्कॅनर लावला तर दोषाचा कोड नाही. मग ठरलेलं निदान येतं, "काका, ईसीएम गेलंय."

ईसीएम म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर. आपल्याकडे तो धुराच्या नियमांमागून घरोघर आला. दिल्ली परिसरात एप्रिल 2000 पासून युरो-2 च्या तोडीचे नियम लागू झाले, 2005 मध्ये ते देशभर आले आणि नव्या पेट्रोल गाड्यांतून कार्ब्युरेटर हद्दपार होऊन इंजेक्टर बसले. त्या पिढीच्या गाड्या आता विशीत आहेत आणि परभणीसारख्या जिल्ह्यात दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे इमानानं पळताहेत. कॉम्प्युटर त्यातला महाग आणि सगळ्यांत कमी समजलेला भाग, म्हणून आळ आधी त्याच्यावर येतो.

मला हा आळ बहुतेक वेळा खोटा वाटतो. कॉम्प्युटर डबाबंद असतो, पुष्कळ गाड्यांत तर केबिनमध्ये, डॅशबोर्डमागे. खरा छळ सोसतात ते वायरी, त्या जोडणारे कपलर, वीज चालू-बंद करणारे रिले आणि बॅटरीला गाडीच्या पत्र्याशी जोडणारा बॉडी अर्थ.

छळ कशाचा, ते परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेचे आकडे रोज पेपरात वाचणाऱ्याला सांगायला नको. मे महिन्यात पारा 44 अंशांना भिडतो, हिवाळ्यात पहाटे एक आकडी होतो. उन्हात उभ्या गाडीच्या आत तर 60 अंश सहज होतात. तापलं की प्रत्येक पदार्थ फुगतो, पण सारखा नाही. सर्किटच्या बोर्डापेक्षा त्यावरचे चिनीमातीसारखे भाग निम्म्याहूनही कमी फुगतात. एक सेंटिमीटर लांबीचा भाग 60 अंशांनी तापला, तर दोघांत पाचेक मायक्रोमीटरचा फरक पडतो. केसाच्या जाडीपुढे ते काहीच नाही. पण हा ताण भाग बोर्डाला जोडणाऱ्या सोल्डरच्या थेंबावर हजारो वेळा येतो. तार सारखी वाकवून तोडावी, तसा तो थेंब थकतो आणि पिनेभोवती बारीक गोल चीर पडते. मेकॅनिक याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात. थंड असताना चिरेच्या दोन्ही कडा टेकलेल्या असतात, तापल्यावर सुटतात. दुपारी बंद आणि सकाळी ठणठणीत, याचं कोडं इथं उलगडतं.

कपलरमध्ये वेगळाच प्रकार चालतो. खड्ड्यांच्या हादऱ्यानं आतल्या पिना किंचित घासत राहतात, घासलेल्या धातूवर गंज चढतो आणि संपर्क कधी असतो, कधी नसतो. इंजिनातल्या पाण्याचं तापमान सांगणाऱ्या सेन्सरचा गमतीदार घोळ इथूनच होतो. त्याचा विद्युतरोध थंडीत जास्त, उष्णतेत कमी असतो. कपलरचा गंज त्यात आपला रोध मिसळतो, मग इंजिन उकळत असतानाही कॉम्प्युटरला वाटतं पौषातली पहाट आहे, आणि तो पेट्रोल ओतत सुटतो.

अर्थचं गणित तर शाळेतलं आहे. सेल्फ मारताना स्टार्टर 150 अँपिअरच्या घरात प्रवाह खेचू शकतो. अर्थच्या गंजलेल्या बोल्टमध्ये फक्त 0.01 ओहम रोध असला, तरी दीड व्होल्ट तिथंच गडप होतो. नुसता मल्टिमीटर लावला तर मात्र सगळं छान दिसतं, कारण मीटरला प्रवाह नगण्य लागतो. दहा तारांपैकी एकच शिल्लक असलेली वायरही त्याला 12 व्होल्ट दाखवते. म्हणून जुने इलेक्ट्रिशियन हेडलाइटचा बल्ब जोडून बघतात. साठ वॅटचा बल्ब पाचेक अँपिअर मागतो आणि कच्ची वायर लगेच उघडी पडते. ही युक्ती बॅटरीच्या आणि अर्थच्या मुख्य वायरीपुरतीच, आणि तीही कॉम्प्युटरचा कपलर काढून. सेन्सरच्या वायरीवर बल्ब लावला, तर धडधाकट ईसीएम खरोखरच जाऊ शकतो.

आणि स्कॅनर? सेन्सरचा आकडा मर्यादेबाहेर गेलेला कॉम्प्युटरला दिसला, तर तो कोड नोंदवतो. पण त्याचीच वीज क्षणभर गेली तर नोंदवणार कोण? तेव्हा कोड न सापडणं हाही पुरावाच, संशय वीजपुरवठ्याकडे वळवणारा.

काकांच्या गाडीचं पुढे काय झालं? सेकंडहँड ईसीएम आणून बसवला, पैसे गेले, आणि गाडी पुन्हा बोरीच्या पुढेच थांबली. मग ती गंगाखेड रस्त्यावरच्या एका म्हाताऱ्या इलेक्ट्रिशियनकडे गेली. त्यानं बॉनेट उघडलंच नाही. एवढंच विचारलं, "बंद पडल्यावर चावी दिली की मागच्या सीटखालून घूंऽऽ आवाज यायलाय का नाही, काका?"

चावी फिरवल्यावर पेट्रोलचा पंप दोनेक सेकंद घुमतो. काकांनी तो कधी मुद्दाम ऐकला नव्हता. पुढच्या वेळी ऐकला. म्हणजे आवाज आलाच नाही. काकांच्या गाडीत पंपाला आणि कॉम्प्युटरला वीज देणारा मुख्य रिले डॅशबोर्डखाली होता. इलेक्ट्रिशियननं तो लगेच खोलला नाही, घरातला हेअर ड्रायर आणून त्यावर धरला. दोन-तीन मिनिटांत चालू इंजिन बंद. ओला फडका ठेवून गार केला, चालू. रिलेचं झाकण काढल्यावर भिंगाखाली पिनेभोवतीची चीर स्पष्ट दिसली. नवं सोल्डर घालायला दहा मिनिटं लागली.

‘गेलेला’ मूळ ईसीएम परत जागेवर बसला. सेकंडहँड मात्र काकांच्या कपाटात फडक्यात गुंडाळून आहे, विकत घ्यायला कुणी तयार नाही.