वाळूची कड का उभी राहते आणि का ढासळते

धुळ्यात पांझरेच्या किंवा जळगावजवळ गिरणेच्या पात्रात उन्हाळ्यात चाललेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की, कोरड्या वाळूत पाय रुततो, परंतु पाण्याकडेची ओलसर वाळू पायाखाली घट्ट लागते. कण तेच, मग हा फरक कोठून येतो? मी इतिहासाचा शिक्षक. वसतिगृहातील मुलांनी हा प्रश्न विचारला, तेव्हा मलाच पुस्तके धुंडाळावी लागली.

वाळूच्या कणांना जोडणारा डिंक नसतो. कण एकमेकांवर दाबले जातात आणि जेथे ते टेकतात तेथील घर्षण त्यांना घसरू देत नाही. दाब जितका अधिक, तितके घर्षण अधिक. म्हणून चोहोबाजूंनी कोंडलेली वाळू इमारतीचा भार पेलते, तर मोकळ्या कोरड्या वाळूच्या ढिगाचा उतार साधारणतः 30 ते 35 अंशांपलीकडे जात नाही. विशेष म्हणजे हा भार सर्व कणांवर सारखा पडत नाही. कणांच्या काही साखळ्या बहुतेक ओझे वाहतात. त्यांच्या शेजारचे कण जवळजवळ मोकळेच असतात. (समाजाच्या अभ्यासकाला येथे निराळेच काही आठवेल, तो विषय वेगळा.) धान्याच्या उंच कोठीत या साखळ्या भिंतींना टेकतात. म्हणून तळावरील दाब, पाण्याच्या टाकीप्रमाणे, उंचीबरोबर वाढतच जात नाही. जर्मन अभियंता यान्सेन याने 1895 मध्ये हे प्रयोगाने दाखवले.

ओलसर वाळूत आणखी एक बळ असते. कणांच्या सांध्यांतील पाण्याचे सूक्ष्म थेंब पृष्ठताणामुळे कणांना एकमेकांकडे ओढतात. त्यामुळे खोदलेली कड सरळ उभी राहते. हे बळ मात्र उसने आहे. उन्हाने पाणी सुकले की ते जाते. पाणी भरून कणांमधील हवा निघून गेली, तरीही जाते.

आपल्या अनेक पालकांनी नदीपात्रात वाळू भरण्याची मजुरी केली आहे, काही जण आजही करतात. सकाळी भिंतीसारखी उभी असलेली कड दुपारी पूर्वसूचना न देता अंगावर येते. खालून कोरत गेल्यास तर वरच्या वाळूचा आधारच तुटतो. माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील असेच छातीपर्यंत गाडले गेले होते. सोबत्यांनी हात धरून ओढले, पण ते निघेनात. कारण ज्या घर्षणाने कड उभी होती, त्याच घर्षणाने आता त्यांना धरून ठेवले होते. अखेर हातांनी आणि घमेल्यांनी भोवतालची वाळू उपसली, तेव्हा ते सुटले.

धरणातून पाणी सुटल्यावर हेच खड्डे भरतात आणि त्यांची भिजलेली कड पोहायला उतरलेल्या मुलाच्या पायाखालून सरकते.