‘बहुधा’ म्हणजे शंभरात किती?

मार्च 1951. सोव्हिएत गटातले देश यंदा युगोस्लाव्हियावर चाल करून जातील का, यावर सीआयएने अहवाल काढला. निष्कर्ष: हल्ला ही ‘सीरियस पॉसिबिलिटी’ समजावी. ऐकायला भारदस्त! परराष्ट्र खात्यातल्या एका अधिकाऱ्याने शर्मन केंट यांना सहज विचारलं, म्हणजे शंभरात किती धरायचे? येलमध्ये इतिहास शिकवलेल्या केंट यांचाच विभाग हे अहवाल करी. ते म्हणाले, पासष्ट. अधिकारी चपापला, तो बरेच कमी धरून बसला होता. मग केंटनी अहवाल तयार करणाऱ्या सहकाऱ्यांनाच एकेक करून गाठलं. उत्तरं निघाली वीसपासून ऐंशीपर्यंत. वाक्य सगळ्यांनी मिळून मंजूर केलेलं, आणि अर्थ ज्याचा त्याचा!

केंटनी पुढे शब्दांना आकडेच बांधले. ‘प्रॉबेबल’ म्हणजे 75 टक्के, बारा इकडेतिकडे. ‘ऑलमोस्ट सर्टन’ म्हणजे 93. ज्यांना हे रुचलं नाही त्यांना ते ‘कवी’ म्हणत. आज हवामानबदलावरच्या आयपीसीसीच्या अहवालांतही ‘लाइकली’ म्हणजे किमान 66 टक्के, असं ठरलेलं असतं.

आकडे न बांधताही अशा शब्दांचं वजन कळू शकतं का? लिथुआनियन भाषेत पाहा. ‘परहॅप्स’ला तिथे ‘गालबूत’, म्हणजे ‘असू शकतं’ची जोडशब्दी गाठ, ‘प्रॉबेबली’ला ‘तुर्बूत’, ‘असायला हवं’. कोणता शब्द वजनदार, ते घडणीतच कळतं. ‘व्हेग’ला ‘मिग्लोतास’: ‘मिग्ला’ म्हणजे धुकं, आपल्या ‘मेघ’चं दूरचं भावंड.

पण खरी करामत क्रियापदात आहे. ‘यिस सेर्गा’ म्हणजे तो आजारी आहे. शेवटी एक ‘स’ लावून ‘यिस सेर्गास’ म्हटलं, की तो आजारी आहे म्हणे! बोलणाऱ्याने स्वतः पाहिलेलं नाही, कानावर आलंय. इंग्रजीला इथे ‘अलेजेडली’सारखा कोर्टकचेरीचा शब्द धुंडाळावा लागतो. लिथुआनियात लोककथाही याच ऐकीव रूपांत रंगतात. केंट विचारत होते ‘किती?’, हे रूप सांगतं, ‘मी नव्हे, लोक म्हणतात’. मराठी वाचकाला हे परकं वाटायला नको, आपलं ‘म्हणे’ रोज तेच करतं. आणि दोन्हीकडे त्यात कधीकधी ‘मला नाही बुवा पटत’ हा सूरही मिसळतो. ‘साहेब फार कामात आहेत म्हणे!’ यातला ‘म्हणे’ बातमीचा की टोमण्याचा, ते व्याकरणाला विचारून उपयोग नाही. बोलणाऱ्याच्या भुवया बघाव्या लागतात.